तरंगाच्या गणितात गाडी अडते ती नेमकी कुठे?

ऐरोलीला अकरावी सायन्समध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने चार प्रश्न एकत्र विचारले आहेत. तरंगांचे प्रकार आणि व्याख्या पाठ आहेत, पण माध्यम बदललं की कोणती राशी बदलते आणि कोणती नाही, यात दर वेळी चूक होते. पाण्यावरचा तरंग अवतरंग मानायचा की अनुतरंग? तरंगाबरोबर पाणी पुढे जात नाही म्हणतात, मग ठाण्याच्या तलावपाळीला निर्माल्य काठाला कसं येऊन लागतं? आणि जोरात वाजवलेला आवाज लवकर पोहोचतो का?

पहिला प्रश्न सुटला की बाकीचे निम्मे तिथेच सुटतात, म्हणून त्याच्यापासून सुरुवात.

तुझ्या वहीत v = fλ (वेग = वारंवारिता गुणिले तरंगलांबी) हे सूत्र असेल. ते बरोबर आहे, पण त्यात तिन्ही राशी एकाच तोलाच्या दिसतात आणि घोटाळा तिथेच होतो. गणित हातात घेतलं की प्रत्येक राशीपुढे एकच प्रश्न लिही: ही कोण ठरवतं? वारंवारिता ठरवतो स्रोत, म्हणजे जे कंप पावतंय ते. वेग ठरवतं माध्यम. तरंगलांबीला स्वतःचं मत नसतं, या दोघांच्या भागाकारातून जे येईल ते. आयाम, म्हणजे कण मूळ जागेपासून जास्तीत जास्त किती हलतो ते, सुरुवातीला स्रोत ठरवतो आणि पुढे अंतराबरोबर तो कमी होत जातो. सूत्रात मात्र त्याला जागाच नाही, आणि तुझ्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

उदाहरण घे. ५१२ हर्ट्झचा सूर, हवा ३० अंश सेल्सिअस. हवेतला वेग सुमारे ३४९ मीटर प्रति सेकंद, म्हणून तरंगलांबी ६८ सेंटिमीटर. हाच सूर पाण्यात शिरला की वेग सुमारे १५०० होतो आणि तरंगलांबी जवळजवळ २.९ मीटर. वारंवारिता ५१२ ची ५१२. ती का बदलत नाही? सीमेवर हवेचे आणि पाण्याचे कण एकमेकांना चिकटून हलतात. अलीकडून सेकंदाला ५१२ धक्के बसले, तर पलीकडे ५१२ च जाणार. ५०० गेले असते तर उरलेले १२ सीमेवर साठत बसले असते, आणि तसं होत नाही. (पाण्यातला वेग नीट मोजला गेला तो १८२६ मध्ये, जिनिव्हा सरोवरात. स्विस भौतिकशास्त्रज्ञ कोलाडॉन यांनी पाण्याखाली घंटा वाजवून ८ अंशाच्या पाण्यात सुमारे १४३५ मीटर प्रति सेकंद हा वेग काढला. आजचा आकडाही त्याच्या अगदी जवळचा आहे.)

आता 'माध्यम ठरवतं' म्हणजे माध्यमातलं नेमकं काय? दोन गोष्टी: कण जागेवर परत यायला किती जोर लावतात, आणि ते किती जड आहेत. 'लोखंड घन, म्हणून त्यात ध्वनी जलद' असं उत्तर परीक्षेत सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. जास्त घनता वेग कमी करते, वाढवत नाही. लोखंडात वेग पाच हजारांच्या घरात जातो, कारण त्याचा ताठपणा घनतेच्या मानाने प्रचंड आहे. शिसं लोखंडाहून जड, पण मऊ. शिशाच्या सळईत ध्वनीचा वेग जेमतेम १२०० मीटर, म्हणजे पाण्यापेक्षाही कमी. हे एक उदाहरण लक्षात ठेवलंस तरी घनतेचा सापळा टळेल.

तारेवरच्या तरंगाला हेच लागू पडतं. वेग = ताण भागिले दर मीटरचं वस्तुमान, त्याचं वर्गमूळ. २ मीटर दोरीचं वस्तुमान १० ग्रॅम असेल तर दर मीटरला ०.००५ किलोग्रॅम. टोकाला २ किलोचं वजन टांगलं तर ताण १९.६ न्यूटन. १९.६ भागिले ०.००५ म्हणजे ३९२०, आणि वर्गमूळ ६२.६ मीटर प्रति सेकंद. इथे तीनच चुका होतात: किलोचे न्यूटन करायचे राहतात, ग्रॅमचे किलोग्रॅम करायचे राहतात, किंवा ताण चौपट केल्यावर वेगही चौपट लिहिला जातो. तो दुप्पटच होतो.

जोरात वाजवलेला आवाज लवकर पोहोचतो का? नाही. रोजच्या आवाजांच्या पट्ट्यात वेग आयामावर अवलंबून नसतो. स्फोटाच्या अगदी जवळचा धक्का वेगळा, तो तुझ्या अभ्यासक्रमात नाही. हवेत वेग वारंवारितेवरही अवलंबून नसतो, आणि याचा पुरावा दर गणपतीत कानावर पडतो. लांबून येणाऱ्या पथकात ढोलाचा ठोका खर्जाचा आणि ताशाची तर्री तारस्वराची असते. पाचशे मीटरवरूनही दोघे तालात ऐकू येतात. दोन्हींच्या वेगात एक टक्का जरी फरक असता, तरी तेवढ्या अंतरात सुमारे १४ मिलिसेकंदांची तफावत पडली असती, किलोमीटरला दुप्पट, आणि लांबून प्रत्येक ठोका फाटलेला वाटला असता.

प्रकारांवर फार वेळ घालवू नकोस. कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात तो अवतरंग, त्याच दिशेत मागेपुढे हलतात तो अनुतरंग. तार, दोरी: अवतरंग. हवेतला ध्वनी: अनुतरंग. दिवा स्टेशनजवळ थांबलेली मालगाडी सुटते तेव्हा कपलिंगचा खडखडाट इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत धावत जातो. तोही अनुतरंगाचाच एक स्पंद, फक्त ताणाचा. अवतरंगाला माध्यमाचा आकार बदलू न देणारा ताठपणा लागतो आणि तो द्रवात व वायूत नसतो, म्हणून त्यांच्या पोटातून अवतरंग जात नाही. भूकंपाचे एस-तरंग अवतरंग असतात. ते पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातून पार होत नाहीत, यावरूनच तो गाभा द्रव आहे हे कळलं. कोयनेला धक्का बसला तर पी-तरंग (हे अनुतरंग) सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि एस-तरंग सुमारे ३.५ किलोमीटर वेगाने निघतात. ठाणे तिथून अंदाजे २१५ किलोमीटर, म्हणून दोघांत पंचवीसेक सेकंदांचं अंतर पडतं. भूकंपाचं अंतर काढायची मूळ रीत हीच.

पाण्याच्या पृष्ठभागाचा तरंग या दोन्ही खणांत बसत नाही. पुस्तकं सोयीसाठी त्याला अवतरंग म्हणतात, पण पृष्ठभागाजवळचा कण वरखालीही होतो आणि पुढेमागेही, म्हणजे जवळजवळ वर्तुळात फिरतो. उंचवट्यावर तो तरंगाच्या दिशेने जातो, खळग्यात उलट. खाली जावं तसं वर्तुळ लहान होतं, आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर ते जवळपास नाहीसं होतं. पाणी उथळ असेल तर वर्तुळ चपटं होऊन लंबवर्तुळ बनतं. बहुपर्यायी प्रश्नात 'दोन्ही' हा पर्याय असेल तर तो निवड. नसेल तर अवतरंगावर खूण करून पुढे जा, भांडत बसू नकोस.

आता निर्माल्य. वर्तुळ पूर्ण मिटलं असतं तर फूल जागच्या जागी डोललं असतं. पण ते अगदी पूर्ण मिटत नाही: वर असताना पुढे जाणं थोडं जास्त, खाली असताना मागे येणं थोडं कमी. दर फेरीला फूल किंचित पुढे सरकतं. किती, ते काढून बघ. खोल पाण्यात १ मीटर तरंगलांबीच्या तरंगाचा वेग सुमारे १.२५ मीटर प्रति सेकंद येतो. आयाम २ सेंटिमीटर धरला तर पृष्ठभागावरची सरक सेकंदाला सुमारे २ सेंटिमीटर निघते. म्हणजे तरंग साठपट वेगाने पुढे निघून जातो आणि फूल रांगत राहतं. त्यात वारा वरच्या थराला स्वतः ओढतो, आणि बहुतेक वेळा त्याचाच वाटा मोठा असतो. म्हणून कचरा सगळ्या काठांवर सारखा लागत नाही, वाऱ्याच्या पलीकडच्या काठाला साठतो. 'तरंग पदार्थ वाहून नेत नाही' हे वाक्य परीक्षेत तसंच लिही. ते लहान आयामासाठी खरं आहे.

खाडीची भरती हाही तरंगच, फक्त इतका लांब की तो तरंग वाटत नाही. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणजे ४४,७०० सेकंद. उथळ पाण्यात वेग गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. खोली ५ मीटर धरली तर ७ मीटर प्रति सेकंद, आणि तरंगलांबी ३०० किलोमीटरच्या पुढे. ठाण्याची खाडी पंचवीस-सव्वीस किलोमीटरची. वाशीच्या पुलावर उभं राहून उंचवटा आणि खळगा एकदम दिसणं शक्यच नाही. दिसतं ते फक्त पाणी चढणं आणि उतरणं.

आलेखांकडे मात्र नीट बघ, मार्क तिथे जातात. आडव्या अक्षावर अंतर असेल तर तो एका क्षणाचा फोटो आहे, त्यातून तरंगलांबी मिळते. आडव्या अक्षावर वेळ असेल तर ती एकाच कणाची हालचाल आहे, त्यातून दोलनकाल मिळतो. दोन्ही वक्र दिसायला सारखे, म्हणून आधी अक्षाचं नाव वाच, मग पेन टेकव. 'हा कण आत्ता वर चालला आहे की खाली' असं विचारलं तर पेन्सिलने तोच वक्र तरंगाच्या दिशेने थोडा सरकवून काढ. त्या कणाच्या जागी नवा वक्र वर असेल तर कण वर चालला आहे.

कणाचा वेग आणि तरंगाचा वेग यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. ५ हर्ट्झ आणि २ सेंटिमीटर आयाम असेल तर कणाचा कमाल वेग 2πfA म्हणजे ०.६३ मीटर प्रति सेकंद. तरंग त्याच दोरीवर ६० ने धावत असू शकतो. अनुतरंगाच्या विस्थापन आलेखात आणखी एक गंमत आहे. संपीडनाचा, म्हणजे कण दाटलेल्या भागाचा, मध्य आलेखाच्या शिखरावर नसतो. तो असतो जिथे विस्थापन शून्य आहे, मागचे कण पुढे सरकलेले आहेत आणि पुढचे मागे. शिखरावर दाब अगदी नेहमीचाच असतो. मुलं शिखराला संपीडन म्हणतात, कारण पुस्तकात वर दाटीवाटीचे ठिपके आणि खाली वक्र अशी चित्रं असतात, आणि तो वक्र बहुधा दाबाचा असतो, विस्थापनाचा नाही.

प्रात्यक्षिकाविषयी तू विचारलं नाहीस, पण वेग माध्यम ठरवतं हे अनुनाद नळीत हाताला लागतं, म्हणून ते सांगतो. हे घरीही होतं. आतला व्यास ३ सेंटिमीटर असलेला ७५ सेंटिमीटर लांब पीव्हीसी पाइप घे. बादली पुरत नाही, निदान ६५ सेंटिमीटर खोल पाणी मावेल असं पिंप हवं. पाइप पाण्यात उभा बुडव, वरच्या तोंडाशी ५१२ चा नादकाटा धर किंवा फोनवर तेवढ्या वारंवारितेचा सूर लाव, आणि पाइप हळूहळू वर उचल. हवेचा स्तंभ ठरावीक लांबीचा झाला की आवाज एकदम भरून येतो, हाच अनुनाद.

३० अंशाला पहिला अनुनाद सुमारे १६.२ सेंटिमीटरवर मिळतो, दुसरा ५०.३ वर. पहिला अनुनाद पाव तरंगलांबीचा, म्हणून पहिल्याच वाचनाला चारने गुणलंस तर तरंगलांबी ६४.८ आणि वेग ३३२ येतो. पुस्तकातला आकडाही ३३२! मुलं खूश होतात, वही पूर्ण होते. पण ३३२ हा शून्य अंशाचा वेग आहे, आणि ठाण्यात मे महिन्यात शून्य अंश नसतं. झालं असं की प्रस्पंद, म्हणजे हवा सर्वात जास्त हलते ती जागा, नळीच्या तोंडावर नसतो, तो व्यासाच्या ०.३ पट, इथे ०.९ सेंटिमीटर, बाहेर असतो. ही दुरुस्ती गाळली की वेग कमी येतो, आणि योगायोगाने तो पुस्तकाला जुळतो. खरी रीत म्हणजे दोन वाचनांची वजाबाकी: ५०.३ उणे १६.२ म्हणजे ३४.१. ही अर्धी तरंगलांबी, आणि टोकाची दुरुस्ती वजाबाकीत आपोआप उडते. ६८.२ सेंटिमीटर गुणिले ५१२ म्हणजे ३४९. शून्याचा ३३१.३ आणि दर अंशाला ०.६ मिळवून तपास, जुळेल. आपल्याकडच्या दमट हवेत एक-दोन मीटर जास्त आले तर घाबरू नकोस, पाण्याची वाफ कोरड्या हवेहून हलकी असते. हवेचा दाब बदलला तर मात्र काही फरक पडत नाही, कारण दाबाबरोबर घनताही त्याच प्रमाणात बदलते.

नादकाटा रबरी पॅडवरच मार. टेबलाच्या कडेवर मारला की धातूचा किणकिणाट मिसळतो, आणि काटाही कालांतराने बिघडतो. दोन्ही भुजा नळीच्या तोंडावर एकाखाली एक येतील असा आडवा धर, तोंडापासून एक सेंटिमीटर वर. फोन वापरत असशील तर तोंड झाकू नकोस, अर्ध झाकलं तरी टोकाची दुरुस्ती बदलते. आणि सुरुवात नेहमी कमी लांबीपासून कर, नाहीतर दुसरा अनुनाद पहिला समजून वेग तिप्पट येतो.

डेसिबलबद्दल थोडं, कारण आयामाचा खरा उपयोग तिथे आहे. ऊर्जा आयामाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट. एका ढोलाचे दोन केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. दहाचे शंभर केले तर १०. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात: १० मीटरवर १०० असेल तर ८० मीटरवर ८२. नौपाड्याच्या गल्लीत हा हिशोब बसत नाही, भिंतींवरून परावर्तन होतं. निवासी भागाची कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, म्हणजे ८२ हे दिवसाच्या मर्यादेच्या सुमारे पाचशेपट ऊर्जा. दारं-खिडक्या लावल्यावर गाण्याचे शब्द जातात पण धम-धम आत येतेच, त्याचं कारण तरंगलांबी. ६० हर्ट्झची तरंगलांबी ५.८ मीटर, ती इमारतीच्या कोपऱ्यावरून सहज वळते आणि खिडकीची काच तिला फारशी अडवत नाही. ३००० हर्ट्झची फक्त १२ सेंटिमीटर, ती अडते. अडथळ्याचा आकार तरंगलांबीशी ताडून बघायचा, एवढं विवर्तनाचं, म्हणजे तरंगाच्या वळण्याचं, मर्म.

डॉप्लर परिणामात, म्हणजे स्रोत किंवा ऐकणारा हलत असला की ऐकू येणारा सूर बदलतो त्यात, 'कोण ठरवतं' हा प्रश्न पुन्हा कामी येतो. कळव्याला न थांबता ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे २५ मीटर प्रति सेकंदाने जाणारी गाडी ४०० हर्ट्झचा हॉर्न देत असेल, तर येताना ४३१ आणि जाताना ३७३ ऐकू येतो. पेटीवर साधारण अडीच पट्ट्यांचा फरक. स्रोत हलतो तेव्हा हवेतली तरंगलांबीच दबते. ऐकणारा हलतो तेव्हा तरंगलांबी तशीच असते, तो फक्त जास्त तरंग गाठतो. म्हणून सूत्रात एकाचा वेग छेदात जातो आणि दुसऱ्याचा अंशात. आणि गाडी जवळ येताना सूर चढत जातो हा समज सोड. चढतो तो आवाज. सूर लांब असताना वरचा स्थिर असतो आणि गाडी शेजारून जाताना उतरतो.

विद्युतचुंबकीय तरंगांना माध्यम लागत नाही, निर्वातात सगळ्यांचा वेग ३० कोटी मीटर प्रति सेकंद. मुंबईचं १००.७ मेगाहर्ट्झचं एफएम म्हणजे ३ मीटर तरंगलांबी. डिश टीव्हीचा १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल अडीच सेंटिमीटरचा, म्हणून जुलैतल्या मुसळधार सरींत मिलिमीटरभर थेंबही त्याला खातात आणि चित्र जातं. एफएमला त्याच पावसाचं काही नसतं.

हा वेग घरी मायक्रोवेव्हमध्ये मोजता येतो. फिरती काच आणि खालचं चक्र काढून टाक, सपाट बशीत उडदाचा कच्चा पापड ठेव, पंधरा-वीस सेकंद लाव, आणि पहिले फोड आले की लगेच बंद कर. पापड सगळीकडे एकदम फुलत नाही, ठिपक्यांनी फुलतो. शेजारच्या दोन ठिपक्यांतलं अंतर ६ सेंटिमीटरच्या आसपास असतं, आणि ती अर्धी तरंगलांबी. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. ०.१२ गुणिले २४५ कोटी म्हणजे २९.४ कोटी. आत तिन्ही दिशांनी स्थिर तरंग असल्याने काही ठिपके तिरके पडतात, पाच ते सात सेंटिमीटर काहीही येऊ शकतं. पाच-सहा पापडांची सरासरी घे, आणि काच जागेवर बसवल्याशिवाय दूध तापवायला देऊ नकोस.

प्रकाश अवतरंग आहे हे कशावरून, असा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न आहे. उत्तर ध्रुवीकरण, म्हणजे कंपनं एकाच दिशेत बांधणं: ते फक्त अवतरंगाचं होतं, ध्वनीचं होत नाही. पोलरॉइड गॉगल लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवलास तर एका कोनात पडदा काळा पडतो. काही फोनवर पातळ फिल्म असते, तिथे अंधाराऐवजी इंद्रधनुषी पट्टे दिसतात. आणि काहीच बदललं नाही तर प्रकाशात दोष शोधू नकोस, बहुधा गॉगल पोलरॉइड नाही, नुसती रंगीत काच आहे.